कात्रीचा परिच्छेद

कुलूपला त्या आयोगावर जागा मिळाली तर त्याच्या पदरात काय काय पडेल, हे मी त्याच्या आधी जोखून ठेवलं होतं. आतून बंद होणारं दार असलेली खोली. दाराबाहेर एक शिपाई. टीव्हीवर नावाखाली ‘जाणकार’च्या जागी ‘सदस्य’. आणि सर्वांत मोठी कमाई म्हणजे, ‘मी सांगत नव्हतो?’ हे वाक्य, जे तो आजवर घरीदारी फुकट वापरत आला होता, ते सरकारी शिक्क्यासकट म्हणण्याचा हक्क. थोडा फायदा माझाही होता. मी वर्तमानपत्राचं मतांचं पान सांभाळतो, आणि पानावरचा लेखक वर चढला की पानही बोटभर वर सरकतं.

कुलूप हे त्याचं खरं नाव नव्हे, आमच्या कचेरीने ठेवलेलं. तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर तो दर आठवड्याला लिहायचा, आणि त्या सगळ्या लिखाणाचं सार एका ओळीत मावायचं: कुणीतरी तुमच्यावर नजर ठेवून आहे, शहाणे व्हा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मोबाइल घरी बिस्किटांच्या डब्यात. त्याला गाठायचं तर घरच्या लँडलाइनवर फोन करायचा, आणि तोही वहिनींनी उचलला तर.

तेव्हा नव्या कायद्यावरून रान पेटलं होतं. लोकांचं फोनवरचं बोलणं, येणंजाणं, खरेदी हे सगळं सरकारने साठवून ठेवावं की नाही? सत्ताधारी म्हणत, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला, तुमच्या भल्यासाठीच आहे. विरोधक म्हणत, हा लोकशाहीचा गळा आवळणं आहे. मुळात मसुदा विरोधकांच्याच राज्यात लिहिला गेला होता, नव्यांनी फक्त वरचं पान बदललं होतं. कुलूपने दोघांनाही सारखंच झोडपलं. सरकार हुशार. दारात ओरडणारा माणूस घरात घेतला की शेजाऱ्यांना त्याचा आवाज जात नाही, म्हणून कायद्यावर देखरेख करणाऱ्या आयोगासाठी त्याचं नाव पुढे आलं. एकच अट, कुठे न लिहिलेली: माणूस स्वच्छ हवा.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मतांच्या पानाचा संपादक लेखाला कात्री लावल्याशिवाय राहत नाही. नाही लावली तर आपण पगार कशाचा घेतो, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो. मुरलेले लेखक हे ओळखून असतात. ते शेवटी एक परिच्छेद जास्तीचा लिहितात, खास कापण्यासाठी. संपादकाची खाज तिथे भागते आणि बाकीचा लेख वाचतो. कुलूपही तेच करायचा. छापायचं नाहीच, तर त्या परिच्छेदात तो मनाला येईल ते लिहायचा. गुडघा दुखतोय. मेहुण्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही आणि जेवताना तोच बोलतो. बायकोने अबोला धरलाय. जो माणूस दुकानदाराला फोन नंबर देत नसे, तो दर आठवड्याला मला अख्खं घर देत होता. आम्ही याबद्दल कधी बोललो नाही. मी वाचायचो आणि कापायचो.

नाव पुढे आल्यानंतरच्या लेखात त्याने कायद्याची सालटी काढली होती. कात्रीच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘आईच्या खोलीत कपाटावर कॅमेरा लावला. ती एकटी असते, तोल जातो. तिला सांगितलेलं नाही. हिला कळल्यापासून घरात वादळ आहे. माझ्यासारख्याने हे करावं, याचं मलाच हसू येतं.’ मलाही आलं. कापलं.

लेख छापून आला, वेबसाइटवर चढला. खाली प्रतिक्रिया सुरू झाल्या. एकाने त्याला विरोधकांचा दलाल म्हटलं, दुसऱ्याने सरकारचा. म्हणजे लेख जमला होता. तिसऱ्याने नावाच्या जागी ‘एक वाचक’ लिहिलं होतं.

‘लेख आवडला. आईंची खुर्ची खिडकीपासून जरा लांब ठेवा. उठताना त्यांचा पाय पडद्यात अडकतो.’

मी चहाचा कप खाली ठेवला.

दुपारी कुलूप कचेरीत आला. माझ्या खोलीचं दार लावलं, नीट लागलंय ना ते पाहिलं आणि मग बसला.

“कुणाला बोललास?”

“कुणाला नाही.”

“घरी?”

“बायकोला सांगितलं असतं तर एव्हाना दोनशे प्रतिक्रिया आल्या असत्या.”

“थट्टा नकोय. तो परिच्छेद तू सोडून कुणी वाचलेला नाही.”

आम्ही संगणक विभागातल्या माणसाला बोलावलं. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध असतं, पासवर्ड बदला. ते देऊन झाल्यावर तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

“ही प्रतिक्रिया आली कुठून?” मी विचारलं.

“ते दिसत नाही.”

“म्हणजे पत्ता लपवलाय.”

“लपवला असता तर लपवलेला दिसला असता, साहेब. ही कुठून आलेलीच नाही. नुसती आहे.” मग स्वतःचंच बोलणं न पटून म्हणाला, “पासवर्ड बदलाच.”

पुढचा लेख कुलूपने हाताने लिहून आणून दिला. शेवटचा परिच्छेद नव्हता. मला उगाच मधली दोन चांगली वाक्यं कापावी लागली. लेखाखाली प्रतिक्रिया आली: ‘या वेळी शेवटचं काही लिहिलं नाहीत. आई चष्मा शोधतायत. उशीच्या अभ्र्यात गेलाय.’

कुलूप समोरच बसला होता. त्याने माझ्या टेबलावरून घरी फोन लावला. वहिनी पाहून आल्या. चष्मा अभ्र्यातच होता.

“कॅमेऱ्याला अभ्र्याच्या आतलं दिसतं?” मी विचारलं.

आम्ही त्याच्या घरी निघालो.

आईंची खोली पश्चिमेची, दुपारी उन्हाने भरलेली. पलंग, खुर्ची, औषधांचं छोटं टेबल, धुतलेल्या चादरींचा वास. कपाटाच्या माथ्यावर लिंबाएवढा काळा कॅमेरा. कुलूप स्टुलावर चढला, वायर ओढली, कॅमेरा खाली घेतला. वहिनी दारात उभ्या होत्या.

“लावताना विचारलं नाहीस. काढताना तरी सांगायचंस.”

“आईच्या भल्यासाठी लावला होता.”

हेच वाक्य मी आदल्या आठवड्यात मंत्र्यांच्या तोंडी छापलं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“इथे मी त्यांचे कपडे बदलते,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचा डोळा लागला की दार लोटून मीही बसते जरा. काही करत नाही. नुसती बसते. या घरात मला कुणी हाक मारत नाही अशी तेवढी एकच जागा आहे.”

“बरं, काढला ना आता?”

पलंगावरून आई म्हणाल्या, “तो गेला का रे?”

“कोण, आई?”

“वरचा.”

“अगं, ते यंत्र होतं. हे बघ.” त्याने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. दुसऱ्या कुणाची चप्पल आपल्या दारात दिसावी तसं त्यांनी त्याकडे पाहिलं.

“हे नव्हे. हे तर तू आणलंस. तो आधीपासून आहे.” त्यांनी कपाटाच्या वरच्या कोपऱ्याकडे नजर टाकली आणि समाधानाने मान हलवली. “आहे. बरा आहे बिचारा. तुझ्यासारखा मध्येमध्ये बोलत नाही.”

आम्ही दोघं हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या, आणि पाहता पाहता त्यांनी ओढणी नीट केली.

आयोगाची मुलाखत जवळ आली होती. खासगीपणाचा कैवारी आईवर कॅमेरा लावतो, ही बातमी फुटली असती तर विरोधकांनी त्याला उभा सोलला असता आणि सरकारने हात झटकले असते. त्याने सांगितलं म्हणून मी त्याच्या लेखांखालच्या प्रतिक्रिया बंद करून टाकल्या. वाचकाचं तोंड बंद झालं. कॅमेराही बिस्किटांच्या डब्यात मोबाइलशेजारी जाऊन बसला.

मग एका सकाळी आई पडल्या. मनगट मोडलं. वहिनी बाजारात होत्या, कुलूप टीव्हीच्या चर्चेत नागरिकांच्या हक्कांवर बोलत होता. वहिनी परत येईपर्यंत आई फरशीवर पडून होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्याने सांगितलं होतं. तुम्ही ऐकायचं बंद केलंत.”

कुलूप दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी बसला होता. चप्पल उलटसुलट घातलेली.

“त्याला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “सांगायला जागाच ठेवली नाही आपण.”

“अरे, तू कुणाबद्दल बोलतोयस ते तरी कळतंय का तुला?”

“नाही,” तो शांतपणे म्हणाला. “पण ती पुन्हा पडली तर उठायची नाही.”

त्या आठवड्याच्या लेखात शेवटचा परिच्छेद परत आला.

‘वाचक महाशय, चूक झाली. कृपया कळवत राहा. घर तुम्हाला मोकळं आहे.’

मी त्याला फोन केला. “हे कापायचं ना?”

“काप.”

“मग लिहिलंस कशाला?”

“तू कापलंस तरच पोहोचेल. छापलेलं तो वाचतो की नाही, मला ठाऊक नाही.”

मी विचारलं, “घर मोकळं आहे म्हणतोस. वहिनींना विचारलंस?”

“आईसाठी आहे रे,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी कापलं. लेख वेबसाइटवर चढला. प्रतिक्रिया बंदच होत्या; तिथे लिहायला चौकटही नव्हती. तरी खाली एक शब्द आला.

‘बरं.’

त्यानंतर आई पडल्या नाहीत. फरशी ओली आहे. गोळी पलंगाखाली गेलीय. आज उठू देऊ नका, चक्कर येईल. लेखाखाली ओळ उमटायची, मी लँडलाइनवर फोन करायचो, वहिनी ‘बरं भाऊजी’ म्हणायच्या. हळूहळू त्यांनी ‘भाऊजी’ सोडलं. मग नुसतं ‘बरं’.

मुलाखतीत कुलूपला विचारलं गेलं, माणसाचा खासगीपणा महत्त्वाचा की त्याचा जीव? तो म्हणाला, भल्यासाठी कुठेतरी सवलत द्यावीच लागते. पूर्वी याच वाक्यावर त्याने तीन लेख लिहिले असते. समितीला उत्तर फार आवडलं. त्याला जागा मिळाली. कायदा संमत झाला. विरोधकांनी सभात्याग केला आणि बाहेर येऊन उपाहारगृहात चहा प्यायला.

अभिनंदन करायला मी त्याच्या घरी गेलो. तो अजून आला नव्हता. वहिनींनी दार उघडलं. त्या बारीक झाल्या होत्या. घर लख्ख होतं, कुणी पाहुणा कायमचा उतरलेला असावा तसं.

“कशा आहात?” मी विचारलं.

“छान,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, थोडं वर बघून.

मी आईंच्या खोलीत डोकावलो. त्या उशांना टेकून बसल्या होत्या, गालांवर तकाकी आली होती.

“ये, बस. सून चहा टाकतेय. साखर विसरली.”

त्या खोलीतून स्वयंपाकघर दिसत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. चहात साखर नव्हती. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या.

त्यांनी नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज भरून राहिला. त्या माझ्याजवळ आल्या, अगदी जवळ.

ओठ हलले, शब्द फुटला नाही.

त्यांनी कपाटांच्या वरच्या कडेकडे पाहिलं.

मग नळ बंद केला.

“साखर किती घालू?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी कुलूपचा निरोपाचा लेख माझ्या टेबलावर आला. सदस्याला लेख लिहायला बंदी असते. वाचकांचे आभार, लोकशाहीवर विश्वास, वगैरे. कात्रीचा परिच्छेद त्याने लिहिलाच नव्हता. लिहावं असं काही माझ्याकडे राहिलं नाही, असं तो फोनवर म्हणाला, आणि ते त्याला दुःखाचं वाटलेलं दिसलं नाही.

लेख अजून कुठे चढला नव्हता. फक्त माझ्या पडद्यावर होता. त्याखाली ओळ आली.

‘वहिनींना काल सांगायचं होतं ते असं.’

पुढे जे होतं ते मी वाचलं. ‘भाऊजी’पासून सुरू होत होतं. शब्द त्यांचेच, अडखळणंही त्यांचंच. ते मी इथे देणार नाही.

सरकारला कायदा मिळाला. कुलूपला आतून बंद होणाऱ्या दाराची खोली मिळाली, आईंना राखण मिळाली, आणि मला निरोप्याचा मान. मोल वहिनींनी चुकवलं, ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं म्हणून जे काही शिल्लक होतं, ते माझ्या पडद्यावर चार ओळींत मावलं.