फुलाबाईचं मुसळ

चहाचं आधण स्टोव्हवर ठेवलं की सुगंधा रणपिसे ट्रान्झिस्टर उचलायची. काटा दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी आणायचा, जिथे नुसती खरखर असते, आणि रेडिओ छातीला, डावीकडे गळ्याच्या हाडाखाली टेकवायचा. खरखरीत टक उमटायची. टक. टक. टक. घड्याळाकडे बघत ती मिनिटभर मोजायची. सत्तर भरले की रेडिओ बंद, चहात साखर, आणि दिवस सुरू.

तिच्या कातडीखाली साबणाच्या वडीएवढं यंत्र होतं. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात भिंग शिकवताना ती फळ्याखाली कोसळली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला ठोका सांगणारी वाटच बंद पडली आहे. आता ठोका यंत्र सांगत होतं. चढ असो, झोप असो, भीती असो, मिनिटाला सत्तर. रेडिओची युक्ती डॉक्टरांनीच शिकवली होती. टक मंदावली की बॅटरी संपत आली असं समजायचं आणि त्याच दिवशी निघायचं.

यंत्र घेऊन ती वेल्ह्याच्या शाळेत परत आली तेव्हा धाकटा भाऊ आनंदराव चिडला. तो भोरला कचेरीत कारकून होता. घर बरं होतं, भावजय मायाळू होती, आणि त्या घरात सुगंधाला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं. टक ठीक आहे तोवर वेल्हे. बिघडली की राजीनामा आणि कायमचं भोर.

म्हणून रोजची ती टक म्हणजे तिच्या स्वतःच्या आयुष्याचा आणखी एक दिवस होता. ती नदीवर जायची, बाजाराची पिशवी स्वतः आणायची, मुलांना घेऊन तोरण्याच्या अर्ध्या चढापर्यंत जायची. भीती तिला वाटत नव्हती. ती फक्त दमली होती. तब्येतीच्या चौकशांना उत्तरं देऊन, मोजून, आणि मोजताना चेहरा शांत ठेवून.

बनाबाईच्या घराची मागची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. खोलीला लागून पडवी, पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. बनाबाई साठी ओलांडलेली, गावचं भात कांडून द्यायची. गिरणी नसरापूरला होती, पण म्हाताऱ्या माणसांना हातसडीचाच तांदूळ लागायचा.

"मास्तरीणबाई," एके सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "रोज ह्यो टकटक आवाज कसला वो?"

सुगंधानं छातीला लावलेला रेडिओ दाखवला. "माझाच आहे."

बनाबाई वाकून ऐकत राहिली. "आन् त्या यंत्राला खायाला काय घालता?"

"सेल असतात आत."

"मंजी तुमी बी रेडिओच की!"

दोघी हसल्या. इतक्या दिवसांत तिच्या छातीबद्दल कुणी विनोद केला नव्हता. सुगंधाला बरं वाटलं.

बनाबाईच्या कांडणात एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. मुसळ पडायचं, मग नको तेवढा वेळ जायचा, मग पुन्हा पडायचं. तिनं विचारलं तेव्हा बनाबाईनं भिंतीकडे मान वळवली. तिथे दोन खुंट्यांवर दुसरं मुसळ आडवं टांगलेलं होतं, मधोमध धरून धरून झिजलेलं.

"फुलीचं हाय. माजी धाकली जाऊ. शिमग्यात गेली. सारा जलम एका उखळात कांडलं दोघींनी. माजं वर, तिचं खाली. आता बी हात थांबतोच मधी. ती जागा तिची."

मार्गशीर्षात नव्या भाताची कांडणं आली. एका रविवारी सुगंधा पडवीत वह्या तपासत बसली होती. सकाळची मोजणी राहिली होती, म्हणून तिनं तिथेच रेडिओ छातीला लावला. टक बनाबाईच्या दोन घावांच्या बरोबर मध्ये पडली. पुढचीही. त्यापुढचीही. मुसळ, टक. मुसळ, टक. बनाबाई थांबली नाही. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या.

"हलकं जातंय बगा," ती धापा टाकत म्हणाली. "किती दिसांनी."

भाताची पाटी संपल्यावर तिनं फुलाबाईचं मुसळ खाली काढलं आणि पुढे केलं. "धरा. उचलू नगा, न्हाईतर तुमचा डाक्टर वरडंल. नुसतं धरा."

सुगंधानं धरलं. झिजलेल्या जागी तिची बोटं नेमकी बसली.

"जोडीचा एकच नेम असतो," बनाबाई म्हणाली. "पाटी सपंस्तवर मुसळ ठेवायचं न्हाई. एकीचा दम गेला तर दुसरीनं दोघींचं कांडायचं. मग पैलीला दम परत आला की तिनं उभं ऱ्हायाचं आन् दुसरीला बसवायचं. हाय कबूल?"

"कबूल," सुगंधा हसून म्हणाली. "झाले मी तुमची जोडीदारीण."

म्हातारीचं मन राखण्यासाठी म्हटलेला शब्द. तिनं तो लगेच विसरूनही टाकला.

पौषात बनाबाई तापानं गेली. भरलेली पाटी उखळाशेजारी तशीच राहिली. दिवस झाल्यावर मुलगा कुंडलिक यानं पडवीला फळ्या ठोकून दार केलं आणि कुलूप घातलं. सून सखूबाई भात गिरणीत धाडू लागली. किल्ली तिच्या कमरेला असायची.

त्यानंतर काही दिवसांनी, आधण चढलेलं असताना, सुगंधाला रेडिओत दुसरा ठोका ऐकू आला.

तिच्या दोन टकांच्या मध्ये. जड, बोथट, लांबून आल्यासारखा.

तिनं सेल बदलले. काटा सरकवला. रेडिओ लांबच्या भिंतीपाशी नेला तर दोन्ही आवाज एकदमच विरले, छातीजवळ आणला तर दोन्ही परतले. शाळेत तिनं शिपाई चिमाजीला जवळ बोलावून त्याच्या छातीला रेडिओ लावला.

"माज्यात कोन बोलंना, बाई," चिमाजी जरा ओशाळून म्हणाला.

"बोलायलाच नको."

आवाज तिच्यातूनच येत होता, एवढं सिद्ध झालं. यंत्र जुनं होत असेल, तारेत काही झालं असेल. डॉक्टरांना विचारायला हवं, असं तिनं ठरवलं आणि पेपर तपासायला घेतले.

मग टक मंदावू लागली. आधी थोडी, मग कुणालाही कळेल इतकी. नियमाप्रमाणे त्याच दिवशी निघायला हवं होतं. तिनं मनगटावर बोटं ठेवली. नाडी सत्तर. दुसऱ्या दिवशी टक आणखी मागे पडली, बोथट ठोका मात्र पडत राहिला, न चुकता, न थकता. नाडी सत्तर.

नाडी ठीक आहे, मग बिघडलं काय? हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्यानं विचारला असता तर तिनं त्याला उभं केलं असतं. पण टक बिघडली म्हणजे भोर होतं. खिडकीशी खाट, उशाशी तांब्या, आणि दारातून कुणी ना कुणी बघत राहणार. तिनं भोरला काही कळवलं नाही. शिंप्याच्या घराजवळचा नळ लांब होता, तिथून कळशी आणताना तिला धापही लागत नव्हती.

आनंदराव एका रविवारी अचानक एसटीनं आला. भावजयीनं दिलेल्या वड्या त्यानं कोनाड्यात ठेवल्या आणि बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, ऐकव बघू."

नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. तिनं रेडिओ लावला.

खरखर. मग ठोका. जड, बोथट. तिनं श्वास रोखून पुढच्या टकेची वाट पाहिली. टक आलीच नाही. फक्त तो दुसरा, पुन्हा. आणि पुन्हा.

आनंदरावानं घड्याळ काढून मोजलं. "सत्तर. व्यवस्थित चाललंय की." मग त्यानं मान तिरकी केली. "आवाज जरा जाड झालाय नाही? आई भात कांडायची तसा." तो हसला. "चल, चहा कर."

तिनं चहा केला. कप त्याच्या हातात दिला. छाती धडधडली नाही. भीती असो, काही असो, सत्तर.

तो गेला तसा तिला खूप थकवा आला. भावाशी इतकं मोठं खोटं ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि तेही तोंड न उघडता. सोमवारी तिनं रजेचा अर्ज दिला आणि एकटीच मुंबईला गेली.

डॉक्टरांनी यंत्र बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ते खाटेपाशी आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेलं जुनं यंत्र होतं.

"हे कधीचं मेलंय. कमीत कमी चार-पाच दिवस. तुम्हांला चक्कर नाही आली?"

"नाही."

"कधी कधी हृदय आपणहून सावरतं," ते म्हणाले. "पण नवं चालू करण्याआधी मी तुमची नाडी पाहिली. झोप दिलेली होती तुम्हांला, तरी सत्तर. एकसारखी. माणसाचं हृदय इतकं एकसारखं चालत नाही." त्यांनी जुनं यंत्र पुन्हा रुमालात गुंडाळलं. जाताना त्यांनी बजावलं, "नवं यंत्र उत्तम आहे. फक्त डावा हात वर न्यायचा नाही. जड काही उचलायचं नाही."

टाके काढून ती वेल्ह्याला परतली. चहाचं आधण ठेवलं, रेडिओ लावला. टक स्वच्छ होती, कोरी, धारदार. सत्तर. तिनं रेडिओ कानाशी नेला, पुन्हा छातीशी आणला.

मधल्या जागेत काही नव्हतं.

आनंदरावाला तिनं आता खरं ते पत्रानं कळवलं. यंत्र बदललं, तब्येत उत्तम, वेल्ह्यालाच राहते. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

पण सकाळी उठवत नव्हतं. दंड भरून आलेले असायचे, पाठ मोडून निघायची. प्रवासाचा शीण, तिनं ठरवलं. आठवडा गेला, शीण वाढला. वर्गात तिच्या हातून खडू निसटू लागला. केस विंचरताना फणीत भाताचं तूस निघालं. हवेनं आलं असेल. मग एकदा हात धुताना तिनं तळवे उलटे करून पाहिले. बोटांच्या मुळाशी कातडी पिवळट, निबर झाली होती. तिनं नखानं दाबून पाहिलं. घट्टे होते.

आयुष्यभर तिनं खडूच धरला होता.

पाडव्याच्या आधी सखूबाईनं सारवणासाठी पडवी उघडली. थोड्या वेळानं तिची हाक आली, नेहमीपेक्षा हळू.

"बाई, जरा येता का हितं?"

सुगंधा गेली. सखूबाई उंबऱ्यावरच उभी होती, किल्ली मुठीत घट्ट.

"कुलूप तर म्याच काढलं आत्ता," ती म्हणाली.

बनाबाईचं मुसळ कोपऱ्यात उभं होतं, कोळिष्टकांनी भिंतीला जखडलेलं. भिंतीवरच्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या. फुलाबाईचं मुसळ उखळात उभं होतं, आणि उखळाभोवती पांढऱ्याशुभ्र तांदळाचा ढीग होता, गुडघ्याएवढा.

भिंतीकडेला बनाबाई दम खायला बसायची ते पोतं अंथरलेलं होतं. मधोमध खोलगट झालेलं.

"आमी भात दिलंच न्हाई कुनाला," सखूबाई पुटपुटली. "कोन कांडतंय वो?"

सुगंधा पुढे झाली. सावकाश, प्रयोगशाळेत काचेचं भांडं उचलावं तसा तिनं हात पुढे केला आणि मुसळ मधोमध धरलं. घट्टे झिजलेल्या जागेवर बरोबर बसले.

लाकूड गरम होतं.

तिनं पायाशी पाहिलं. बनाबाईच्या हातून राहिलेली भाताची पाटी तिथेच होती, काठोकाठ भरलेली.