खिशातला रोटर

मोबाईल ठेवा बाजूला. ही गोष्ट मंठ्याच्या रामकिसन मिस्त्रीनं मला समोर बसून सांगितली, आणि सांगता सांगता त्याच्या हातातला चहा गार होऊन गेला. गावाचं नाव मी घेणार नाही. माणसं अजून आहेत तिथली.

गेल्या कार्तिकातली अमावस्या. संध्याकाळी रामकिसनला सर्जेरावाचा फोन आला. "मिस्त्री, गाडी रात्रीची चालूच होत न्हाई. दिवसा बराबर चालती. सकाळी परतूरचं लग्नाचं भाडं हाय, जल्दी ये."

सर्जेरावाची ती जुनी पांढरी पेट्रोल अँबॅसेडर. रामकिसननं पान्याची पिशवी घेतली आणि फटफटी काढली. पोचल्यावर बॅटरीच्या उजेडात त्यानं करंटचं काम सगळं पाहिलं. प्लग खरडले, करंट तोडून जोडणारे पॉइंट काचपेपरनं घासले, काडीपेटीचा पुठ्ठा मधे धरून गॅप लावला. प्लग बॉडीला टेकवून पाहिला तर ठिणगी निळीशार. गाडी एका चावीत चालू झाली. त्यात बिघाड असा काही नव्हताच.

सर्जेरावानं गाडी बंद केली, झाकण उघडलं आणि रोटर काढून छातीच्या खिशात टाकला. हा रोटर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. तो आत फिरतो तेव्हाच प्रत्येक प्लगला करंट मिळतो. काढून घेतला की गाडी नुसती कण्हते, चालू काही होत नाही. चोराच्या भीतीनं सर्जेराव रोज रात्री तो खिशात घेऊन झोपायचा, आणि हे साऱ्या घराला माहीत होतं.

रामकिसनलाही माहीत होतं. म्हणून तर त्याला ते बघवलं नाही.

दोन वर्षांमागं भादव्यात भल्या पहाटे सर्जेरावाच्या धाकट्या भावाची, म्हस्कूची बायको रेणुका हिला गवत कापताना मनगटाला साप चावला. म्हस्कूनं तिच्याच हिरव्या साडीची चिंधी फाडून वर गच्च बांधली आणि तिला भावाच्या दारात आणलं. विहिरीच्या पाळीवरून दोघा भावांचा सहा महिने अबोला होता. पण अशा वेळी कोण मागचं बघतं? तिला मागच्या सीटवर बसवलं. सर्जेरावानं चावी फिरवली. गाडी कण्हली. पुन्हा फिरवली.

"मोठे भाऊजी, चालू करा ना," रेणुका म्हणाली. आणि त्याच्या खिशाकडं बघत राहिली.

"करंटच येईना, मी काय करू?"

फटफटीवर नेता नेता पुलापाशी ती गेली. तेराव्याला म्हस्कू रामकिसनच्या गॅरेजवर आला. "मिस्त्री, तू खरं सांग. गाडी बंद व्हती का?" रामकिसननं तर झाकण उघडूनही पाहिलं नव्हतं. पण सर्जेराव जुनं गिऱ्हाईक. रामकिसन बोलून गेला, "पॉइंट जळाले व्हते." म्हस्कू मान हलवून निघून गेला. त्या तीन शब्दांची रामकिसनला आजही लाज वाटते.

तर त्या अमावस्येला उशीर झाला म्हणून तो सर्जेरावाच्या ओट्यावरच आडवा झाला. पावणेदोनला जाग आली. कुत्री गप्प होती.

अंगणात गाडी कण्हत होती.

एकदा. थांबली. पुन्हा.

रामकिसन उठून बसला. गाडीत पुढं कोणी नव्हतं. मागं... मागं कोणीतरी बसलं होतं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून.

आणि गाडी चालू झाली.

रोटर नसताना.

"मोठे भाऊजी..."

आवाज हळू होता. रागाचाही नव्हता.

"झाली बघा चालू. चला."

दार उघडलं. सर्जेराव बाहेर आला. डोळे उघडे होते. हात छातीवर, खिशावर दाबलेला. रामकिसननं हाक मारायला तोंड उघडलं...

तोवर सर्जेरावानं गाडीचं दार उघडलं.

सर्जेराव गाडीत बसला. गाडी फाटकातून निघताना मागच्या सीटवरचं तोंड वळलं. रामकिसनकडं. नुसतं बघितलं.

बस्स.

पहाटे गाडी सरकारी दवाखान्याच्या दारात सापडली. जिथं दोन वर्षांमागं पोचायचं होतं, तिथंच. इंजिन चालू, सर्जेराव स्टेअरिंगवर डोकं टेकून गार. रामकिसननं स्वतः झाकण उघडलं. आत रोटर नव्हता. सर्जेरावाच्या खिशातही नव्हता. पोलिसांनी सारी गाडी उलटीपालटी केली.

बिडी पेटवायला म्हणून रामकिसननं काडीपेटीसाठी स्वतःच्या खिशात हात घातला. हाताला रोटर लागला. त्याच्यावर हिरवी चिंधी गच्च बांधलेली होती.

तो तिथून पायीच म्हस्कूच्या शेतावर गेला आणि पाय धरले. "म्हस्कू, मी खोटं बोल्लो. पॉइंट जळाले नव्हते. रोटर त्याच्या खिशात व्हता, मला ठावं व्हतं." आणि हातातली वस्तू पुढं केली.

म्हस्कूनं शिवी दिली नाही. चिंधी उलटीसुलटी करून पाहिली. गाठीवरून अंगठा फिरवला.

"ही गाठ माझी हाय," तो म्हणाला. "सोडवायला मन झालं न्हाई मला. तिच्या हातावर तशीच जाळली व्हती."