मिरच्यांना एवढं पाणी कोण घालतंय?

“काका, झाड न बघताच औषध कसं काय देता तुम्ही?”

विचारलं एकदाचं! मागे उभी असलेली मैत्रीण चिमटा खुदकन हसली आणि दोस्त भिंगने डोळे गच्च मिटून घेतले. पैजच होती तशी. ‘रोपवाटिकेतल्या काकांना हे विचारून दाखव, सुट्टीभर आमची कॅप्टन तू!’ सहामाहीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणताना जिचा घसा कोरडा पडायचा, तीच ही ठिणगी!

काकांनी कात्री खाली ठेवली. “पानं पिवळी नि सुरकुतलेली, असंच म्हणाली होतीस ना? मग किडेच ते. फवारा मार.”

“दोनदा मारला. आणखीच पिवळी पडली!”

“मग तिसऱ्यांदा मार,” असं म्हणून काका दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

“चला रे,” ठिणगी म्हणाली, “आपणच छडा लावू.”

ठिणगीच्या घराच्या गच्चीवरच्या त्या पाच कुंड्या तिच्या दादाच्या होत्या. त्याने स्वतः बी पेरून वाढवलेल्या, जाळ तिखट मिरच्यांच्या. गेल्या वर्षी त्यातली एक चावून चिमटाची बोलती तासभर बंद झाली होती, आणि असं आयुष्यात एकदाच घडलं होतं! चार महिन्यांपूर्वी दादा नोकरीसाठी लांब निघून गेला. जाताना बाबांशी कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन आला, की बाबांना नेमकं बाहेर काम निघायचं. “बाबा कुठेत?” दादा विचारायचा. मग जरा थांबून म्हणायचा, “बरं, मिरच्या दाखव.”

गेले दोन रविवार ठिणगीने कॅमेरा बिघडल्याची थाप मारली होती. उद्या पुन्हा रविवार. दादाच्या झाडांची ही दशा त्याला कुठल्या तोंडाने दाखवायची?

गच्चीवर भिंगने खिशातून आपलं लाडकं भिंग काढलं आणि पानन् पान उलटून पाहिलं. “किडा नाही. जाळी नाही. अंडी नाहीत. कॅप्टन, आरोपी निर्दोष!”

“मग पानं अशी चुरगळलेल्या कागदासारखी का?” म्हणत चिमटाने मातीत बोट खुपसलं आणि ती किंचाळली, “ई! नुसता चिखल! इथे बेडूक भाड्याने राहतील!”

कुंड्यांखालच्या ताटल्याही काठोकाठ भरलेल्या होत्या.

“पण मी परवापासून थेंबही घातलेला नाही!” ठिणगी चक्रावली. “फवारल्यावर दोन दिवस पाणी नको, असं काकाच म्हणाले होते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे दुसरंच कुणीतरी!

दुपारी वाळत घातलेल्या चादरीमागे तिघं दबा धरून बसली. चिमटाचा पाय झोपला, भिंगला शिंक आली, ती त्याने नाक दाबून कशीबशी गिळली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

आई! हातात भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं. पाचही कुंड्यांत पाणी ओतून तिने एका पानावरून हलकेच बोट फिरवलं. “वाढा रे लवकर. तो यायच्या आत मिरच्या धरा,” असं पुटपुटून ती खाली गेली.

“सापडला चोर!” भिंग उठू लागला.

“बस खाली!” ठिणगीने त्याला ओढलं. पुन्हा पावलं वाजत होती.

बाबा! हातात पाण्याचा तांब्या. मागे वळून कुणी बघत नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. सगळ्या कुंड्यांना सावकाश पाणी घातलं. मग कोपऱ्यातल्या सगळ्यात मलूल झाडापाशी उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, “काय रे, जेवलास का?”

जणू उत्तर येणारच होतं, असे ते थोडा वेळ थांबले.

चादरीमागे ठिणगीला समोरचं धूसर दिसू लागलं. पण हा खटला अजून संपला नव्हता.

“तिसरी चोर मी आहे,” बाबा गेल्यावर ती म्हणाली. “दादाने दोन दिवसांआड घालायला सांगितलं होतं. मी परवाच्या फवारणीपर्यंत रोज घालत होते, कधी कधी दोनदा. झाडापाशी उभं राहिलं ना, की तो इथेच कुठेतरी असल्यासारखं वाटतं.”

भिंगने सगळ्यात आजारी कुंडी उचलली. तिघं पुन्हा रोपवाटिकेत!

या वेळी काकांना झाड बघावंच लागलं. त्यांनी रोप अलगद बाहेर काढलं. काही मुळं तपकिरी, मऊ झाली होती आणि मातीला कुबट वास येत होता. काकांचा चेहरा पडला.

“मुळं गुदमरलीत गं. मग वर अन्न कसं पोचणार? म्हणून जुनी पानं पिवळी नि नवी सुरकुतलेली. माझंच चुकलं, आधी झाड बघायला हवं होतं.” सडकी मुळं छाटून त्यांनी कोरडी, भुसभुशीत माती भरून दिली. “ताटल्या काढून टाका. बोट घालून बघायचं, वरची माती सुकली तरच पाणी. वाचतील सगळी. शाब्बास पोरी, विचारलंस ते बरं केलंस!”

“आमची कॅप्टन आहे ती!” चिमटा ऐटीत म्हणाली.

संध्याकाळी ठिणगीने आईबाबांना गच्चीवर बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या चोरीसकट. आईने पदर डोळ्यांना लावला. बाबा कुंडीकडेच बघत राहिले.

“तूही?” आईने त्यांना विचारलं.

“तूही?” बाबा म्हणाले. मग ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवून खाकरले. “आमच्यापेक्षा शहाणी निघालीस.”

पूर्वीची ठिणगी इथे लाजून पळाली असती. आताची कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मी ठरवलंय! आजपासून पाणी फक्त मी घालणार, तेही माती सुकल्यावर. दुसऱ्या कुणाला घालावंसं वाटलं, तर त्याने आधी दादाला फोन लावायचा. आणि बाबा, ‘जेवलास का’ हे उद्या तुम्हीच त्याला विचारायचं!”