अचायोचा अंगठा

किरेकाच्या खाणीत अचायो आणि मी तीस वर्षं शेजारी बसून खडी फोडली. दगड तेच, हातोड्याही सारख्याच, झोपड्यांमधली भिंतसुद्धा एकच. मग तिचा अंगठा शाबूत आणि माझाच झिजलेला, हे मला पटायचंच नाही.

धान्याची वही बंद करून सरकारने अंगठ्याचं यंत्र आणलं. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या बोटांना तिळाचं तेल चोळायचो, रेषा वर याव्यात म्हणून. अचायोने अंगठा टेकवला की हिरवा दिवा, मी टेकवला की लाल. तीन महिने मक्याचं पीठ फक्त तिच्या घरी गेलं.

"आजी, यंत्राच्या लेखी तुम्ही नाहीच," कारकून म्हणाला.

अचायो रोज मला वाटीभर पोशो, म्हणजे मक्याचं शिजवलेलं पीठ, आणून द्यायची. स्वतःच्या वाट्याचा घट्ट गोळा करून अंगठ्याने खळगा पाडायची, त्यात घेवड्याची आमटी भरून माझ्यासमोरच खायची. माझं पोट भरायचं, पण जळफळाट काही कमी व्हायचा नाही.

"एवढं काय बघतेस माझ्या अंगठ्याकडे?"

"देऊन टाक की मला."

"घे बाई, तुझं तोंड तरी सरळ होईल." हसत तिने तेलकट अंगठा माझ्या अंगठ्यावर दाबला. तो जरा जास्तच वेळ चिकटून राहिला.

दुसऱ्या दिवशी माझा दिवा हिरवा लागला. पडद्यावर माझंच नाव, माझाच फोटो. मी दोनदा पाहिलं. माझ्यामागे अचायोचा लाल. कारकुनाने तिचं नाव शोधलं आणि नकारार्थी मान हलवली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आठवड्याने चहावाली खाणीत आली. मला कप दिला आणि पुढे गेली.

"अगं, अचायोचा?"

"कोण अचायो?"

अचायो माझ्या शेजारीच बसली होती. हातोडी खालीवर होत होती, पण आवाज येत नव्हता.

दुपारी ती माझ्या दारात आली.

"लामुनु, माझं नाव काय गं? कारकून विचारतोय."

नाव माझ्या जिभेवर होतं. ते ऐकून ती यंत्राकडे गेली असती, आणि मग माझा हिरवा दिवा?

"आधी जेव," मी म्हणाले आणि गोळा तिच्या हातावर ठेवला.

तिने अंगठा दाबला.

पुन्हा दाबला.

पोशोत खळगा पडला नाही.