मुळशीच्या पाण्यावरची हजेरी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. देवाशपथ खरी. ती वाल्मीकगुरुजींच्या बाबतीत घडली. गुरुजी माझे सख्खे मामा. ते उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत.

रजेचे अर्ज सोडून.

साल एकोणीसशे सत्तावन्न. श्रावण सरत आलेला. जागा, मुळशी धरणाच्या काठावरची एकशिक्षकी शाळा. एक खोली, पुढं पडवी, आणि पडवीच्या वाशाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पडवीत उभं राहिलं की डाव्या हाताला एक वाडी, उजव्या हाताला एक वाडी.

आणि समोर पाणी.

पाण्यापलीकडे डोंगर. त्या डोंगरावर घर नाही, माणूस नाही, दिवा नाही. एवढं नीट लक्षात ठेवा. समोरच्या बाजूला कोणीही राहत नव्हतं.

त्या वर्षी फ्लूची साथ आली. वरच्या कचेरीतून हुकूम निघाला की शाळा आठवडाभर बंद ठेवावी, मात्र अभ्यास बंद पडू देऊ नये आणि हजेरी रोज घ्यावी. मुलं घरी, मास्तर शाळेत, आणि शिक्षण चालू. हे कसं करायचं ते हुकुमात नव्हतं. हुकुमात ते नसतंच.

गुरुजी तेव्हा ऐन विशीतले. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, त्यामुळे त्यांना सगळ्यावर उपाय सुचत असे. पौडच्या बाजारात जैनुद्दीनभाई डबे आणि रॉकेलच्या चिमण्या झाळून देत. त्यांच्याकडून गुरुजींनी पत्र्याचा एक भोंगा करून घेतला. बेत साधा होता. दिवसा पोरं गुरांमागं असतात. म्हणून दिवेलागणीला पडवीत उभं राहायचं, भोंग्यातून एकेकाचं नाव घ्यायचं. पोरांनी आपापल्या अंगणातून 'हजर' म्हणून ओरडायचं. मग गुरुजींनी पाढा सांगायचा आणि दोन्ही वाड्यांनी मागून म्हणायचा. घरोघरी परवचा होत होताच. हा सगळ्यांचा मिळून परवचा.

"आवाज लांब जातो ह्याच्यातून, मास्तर," भोंगा हातात देताना जैनुद्दीनभाई म्हणाले. "पन तिकडनं काय येईल, ते आपल्या हातात न्हाई."

गुरुजी हसले.

सोमवारी सगळं झकास झालं. नाव घेतलं की 'हजर' यायचं. साळूचं नाव आलं तेव्हा तर कानठळ्या बसल्या. साळू म्हणजे डाव्या वाडीतल्या सारजाबाईची तिसरीतली पोरगी. अंगानं चिमणीएवढी, आवाज तुतारीचा. सातचा पाढा आला की ती सगळ्यांच्या वरून ओरडायची, "सात आठे चौपन्न!" वर्षभर रोज हेच. गुरुजी म्हणायचे, "चुकलं! पुन्हा!" आणि साळू पुन्हा म्हणायची, "चौपन्न!"

परवचा आटोपला. गुरुजींनी भोंगा ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर पायरीवर बहिरूतात्या बसलेले. म्हातारा मूळचा पाण्याखाली गेलेल्या गावचा.

"गुरुजी, पाडं म्हना, गानी म्हना. पन तिन्हीसांजंचं पान्याकडं त्वांड करून पोरांची नावं घिऊ नगा."

"का हो तात्या?"

"ऐकत्यात."

"कोण ऐकतंय?"

तात्यांनी बिडी पायरीवर विझवली. उठले आणि चालू लागले.

मंगळवारी धुकं पाण्यावर टेकलं होतं. हजेरी झाली. बाराचा पाढा सुरू झाला. मध्येच गुरुजींना ठसका लागला म्हणून ते थांबले. डावी वाडी थांबली. उजवी वाडी थांबली.

आणि समोरून... पुढची ओळ आली.

हळू. बारीक आवाजात. पाण्यावरून.

प्रतिध्वनी, गुरुजींनी स्वतःला समजावलं. ट्रेनिंगला त्यावर एक अख्खा धडा होता.

पण प्रतिध्वनी मागचं म्हणतो. पुढचं म्हणत नाही.

हुकुमात प्रतिध्वनीबद्दल काही नव्हतं. गुरुजींनी पाढा पुरा केला.

बुधवारी धुकं आणखी जवळ आलं. वाड्यांतून खोकल्याचे आवाज येत होते, तरी हजेरी पूर्ण भरली. ऐन साथीत एकही गैरहजर नाही! गुरुजींची छाती फुगली. आवाज डावीकडून येतात की उजवीकडून, याकडे त्यांचं ध्यान नव्हतं. पट भरलेला असला की मास्तराला दुसरं काही दिसत नाही.

गुरुवारी मात्र ध्यान गेलं.

"साळू!"

डावी वाडी गप्प.

"साळू!"

"हजर..."

समोरून.

गुरुजींनी भोंगा खाली घेतला. पाण्यावर काही नव्हतं. धुकं होतं, आणि पाणी काठाला चाटत असल्याचा आवाज. त्यांना आत जाऊन दार लावावंसं वाटलं. पण एकदा उघडलेला वर्ग टाकून मास्तर पळत नाही. त्यांनी पाढा धरला. नेमका सातचा.

सात साते एकोणपन्नास.

"सात आठे..." समोरून एकच ओळखीचा आवाज आला. "चौपन्न!"

गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चुकलं! पुन्हा!"



मग समोरून उत्तर आलं. एका आवाजात नाही. पुष्कळ आवाजांत. जणू शेजारी बसलेल्यांनी तिला सांगितलं...

"सात आठे छप्पन्न."

त्या संध्याकाळी गुरुजींनी चहा केला नाही.

शुक्रवारी उजाडताच ते सारजाबाईच्या दारात उभे राहिले. सारजाबाई उंबऱ्यातच कडाडली.

"आलात व्हय? मंगळवारधरनं पोरगी तापानं फनफनलीया, आन तुमी रोज सांच्याला तिच्या नावानं कोकलताय!"

"पण ती रोज हजर म्हणते, सारजाबाई. मी स्वतः ऐकतो."

"कोन म्हनतंय? पानी मागाया आवाज न्हाई तिला! या, बघा."

गुरुजी आत वाकले. साळू वाकळेवर पडली होती. डोळे टक्क उघडे. नजर भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे पाणी होतं.

"तुमी नाव घेतलं का हिचे व्हट हलत्यात," सारजाबाईचा आवाज आता खाली आला होता. "कालच्याला लई वेळ हलत व्हते. मी कान लावला. आवाजच न्हाई वो आत. आवाज कुटं गेला माज्या पोरीचा?"

त्याच वेळी साळूचे ओठ हलले. एका लयीत. थांबून थांबून. ती काहीतरी पाठ म्हणत होती. गुरुजींनी ओठांवरून ओळखायचा प्रयत्न केला. दोनचा पाढा नव्हता. सातचा नव्हता. त्यांना येत असलेला कुठलाच नव्हता.

"गुरुजी," सारजाबाई म्हणाली, "तुमी बोलावली, तुमीच आना."

बहिरूतात्या अंगणात बसले होते. जणू वाट पाहत.

"तात्या, कोण आहेत ते?"

"माज्या वर्गातली," तात्या म्हणाले. "मानमोडीच्या तापाच्या साथीत आमची बी शाळा बंद झालती. पंतोजी दारोदार फिरून सांगून गेले, पोरांनो, घरी बसून औटकी, साडेतीनाचा पाडा, पाठ करा. आठवड्यानं इचारीन." त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही. "शाळा पुना भरली तवा वर्गात आमी थोडीच उरलो व्हतो. पंतोजी बी गेले. ल्हान पोरं जाळत न्हाईत, पुरत्यात. वढ्याच्या कडंला पुरली समदी. म्होरं धरन आलं. गाव उठलं. मान्सं उठली, देव उठले. ती पोरं कशी उठनार?"

गुरुजी तात्यांच्या शेजारी बसले.

"पाठ करून बसल्यात. इचाराया कुनी आलंच न्हाई. आन तुमी आलात हजेरी घेत." तात्यांनी मान वर केली. "एक सांगा. हजेरी घेतलीत. सुट्टी दिलीत का?"

गुरुजींनी एकेक दिवस आठवून पाहिला.

रोज संध्याकाळी पाढे झाले की भोंगा ठेवून ते चहा टाकायला गेले होते. शाळाच बंद, मग सोडायची काय? रुळावर टोला पडलाच नव्हता.

"मास्तरनं सोडल्याबिगार पोर वर्गातनं उठतंय व्हय?" तात्या म्हणाले. "साळी तितंच हाय. वर्गात."

दिवेलागण झाली. गुरुजी पडवीत उभे राहिले. धुकं आता पायरीला लागलं होतं. दोन्ही वाड्यांतली दारं बंद होती. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं. बेडूक गप्प होते.

आज त्यांनी कोणाचंही नाव घेतलं नाही.

भोंगा तोंडाला लावला. पत्रा दातांवर वाजत होता.

"औटकी... म्हणा."

काहीच नाही.

मग पाण्यावरून, अगदी जवळून...

"औट... सात... साडेदहा... चौदा... साडेसतरा..."

किती होते कोण जाणे. घाई नव्हती. अडखळणं नव्हतं. इतकी वर्षं घोकलेला पाठ. गुरुजींना औटकी येत नव्हती. साडेतीनपटींचा पाढा आता लागत नाही असं ट्रेनिंगला सांगितलं होतं. त्याच वर्षी नवे पैसे आले होते, सगळा हिशोब शंभराचा झाला होता. समोरच्यांनी चूक केली असती तरी त्यांना कळली नसती.

सगळ्यांच्या मागून, एक ठोका उशिरा, एक तुतारीचा आवाज येत होता.

"...साडेएकतीस... पस्तीस."

थांबले.

कोणी हललं नाही. शांतता पडवीच्या कडेला येऊन उभी राहिली. ते कशाची तरी वाट पाहत होते.

गुरुजींना उमगलं. पाठ म्हणून झाल्यावर पोर कशाची वाट पाहतं?

"शाबास," ते म्हणाले. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "शाबास, बाळांनो."

मग त्यांनी रुळावर टोला हाणला.

"शाळा सुटली!"

एरवी या टोल्यावर पोरं आरडाओरडा करतात. त्या दिवशी आरडाओरडा झाला नाही. फक्त पावलं. अनवाणी, पळणारी. ओल्या मातीवरून पळावं तशी पाण्यावरून दूर दूर जाणारी.

आणि एक पावलांची जोडी... इकडे येणारी.

पायरी चढली. पडवीतून गेली. गुरुजींच्या धोतराला वारा लागला. कोणी दिसलं नाही. पावलं डाव्या वाडीच्या पायवाटेनं पळत वर गेली.

थोड्या वेळानं सारजाबाईची किंकाळी आली. पाठोपाठ तुतारी.

"आये! भूक लागली!"

ताप रात्रीतून उतरला. सोमवारी शाळा भरली. गुरुजींनी बोटानं मुलं मोजली, नाव कोणाचंच घेतलं नाही. साळूला म्हणाले, "येतो तो पाढा म्हण."

साळू उभी राहिली आणि तिनं औटकी म्हटली. न थांबता.

"कोणी शिकवली गं?"

"वर्गात म्हनत्यात की समदी," साळू म्हणाली आणि खाली बसली.

त्या वर्गात औटकी कोणालाच येत नव्हती. मास्तर धरून.

संध्याकाळी गुरुजींनी तात्यांना गाठलं. "तात्या, संपलं ना आता?"

"सुट्टी दिलीत न्हवं?"

"दिली."

"मग?" तात्यांनी बिडी पेटवली. "सुटल्याली शाळा पुना भरतीच की."

दिवाळीच्या आत गुरुजींनी भूगावला बदली मागितली. कारण लिहिलं, 'पाण्याकाठची हवा मानवत नाही.' त्यांच्या आयुष्यातला हा एकच खरा अर्ज. आजही तिन्हीसांजेला ते कोणत्याही मुलाला नावानं हाक मारत नाहीत. नातवाला 'ए' म्हणतात. आणि त्यानं लगेच ओ दिली की आधी तो कुठल्या बाजूनं बोलला ते बघतात.

राहता राहिली साळू. ती त्या वर्षी गणितात नापास झाली. औटकी परीक्षेला नव्हती. सात आठे होतं.