कटांगाचा फुलोरा

गोंडपिपरीच्या बाजारात बी विकणाऱ्या बुधरीच्या टोपलीपुढे एक चष्मेवाला तरुण उकिडवा बसला होता. तळहातावर बांबूचं बी घेऊन एकेक दाणा निरखत होता. १९५८ सालचा मार्च महिना. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास सगळ्या बाजारावर पसरलेला.

"असं किती बी आहे जंगलात, बाई?" त्याने विचारलं.

"लय हाय जी. नाल्याच्या काठानं नुसता सडा पडला," बुधरी म्हणाली.

त्याचा चेहरा असा उतरला की बुधरीशेजारी बसलेल्या मला हसू आवरेना.

"भाऊ, हे शिजवून खायाचं असते. पाहून रडायाचं नसते!"

त्याने वर पाहिलं. चष्म्याआडचे ते डोळे... आज इतक्या वर्षांनीही मला त्यांचा रंग सांगता येईल.

"रडू नको तर काय करू? माझे दोनशे शेअर बुडून राह्यले."

मी एकोणीस वर्षांची, सातवी पास. शेअर हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्याने शेजारच्या दुकानातली गुळाची ढेप दाखवली. "ही कंपनी समजा. हिचे लाखभर खडे केले, त्यातले दोनशे माझे. कंपनी मोठी झाली की माझा खडाही मोठा."

"अन् मुंगळे लागले तर?"

"तेच तर लागलेत!"

तो चांद्याचा राजेश्वर पडगीलवार. आईने मागे ठेवलेल्या दोन हजारांचे त्याने कागदाच्या गिरणीचे शेअर घेतले होते, दहा रुपयांना एक. भाव चौदावर गेला. तेवढ्यात पेपरात बातमी आली — चांद्याच्या जंगलात बांबू फुलला. बांबू जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. बांबू नाही तर कागद कशाचा? लोकांनी भराभर विकायला काढले, भाव आठवर आला. ज्यांच्या घरी तो वाढला, त्या कापडवाल्या काकाजींनी बजावलं होतं, "शनिवारपर्यंत विकून टाक आणि दुकानाच्या गादीवर बस. नाहीतर घरात पाय ठेवू नको."

त्याने पिशवीतून गिरणीचा वार्षिक अहवाल काढला. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. "नफा वाढला, कर्ज उतरलं, नवं यंत्र येऊन राह्यलं. पुस्तकात सगळं चांगलं आहे. पण पुस्तकात जंगल नाही. म्हणून पाहायला आलो."

"अन् पाहून राह्यले टोपली!" मी म्हटलं. "हे कटांगाचं बी हाय, भाऊ. काट्याचा बांबू, नाल्याकाठचा. गिरणीले जाते ते मानवेल. ते डोंगरावर असते."

तो उभाच राहिला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझे बाबा बांबूच्या डेपोत मुनशी हायेत. गाड्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातच्या. भरोसा नसंल तं उद्या बाबांच्या बंडीत बसा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खरंच आमच्या दारात हजर. बाबा बैल हाकत होते, मी मागे, आणि तो माझ्यासमोर, दर धक्क्याला चष्मा सावरत. पळस पेटलेले होते. नाल्याकाठी कटांगाची बेटं उभी होती, पानं झडलेली, फुलोऱ्याने पिवळी पडलेली. तो उतरून जवळ गेला आणि त्याच्या धोतराला काट्यांनी धरून ठेवलं.

"हलू नका," मी म्हटलं आणि एकेक काटा सोडवला.

"तुमचं जंगल पाहुण्याला सोडत नाही वाटते..."

"पाहुणा पाहून धरते ते."

बाबा मोठ्याने खोकले. मी झटकन दूर झाले.

डोंगरावर मात्र मानवेल हिरवा, ताठ, एकाही बेटाला फुलोरा नाही. मला वाटलं, आता तो आनंदाने उडी मारील. त्याने वही काढली. उन्हात दुपारपर्यंत हिंडून दोनशे बेटं मोजली, मग शेजारच्या डोंगरावर चढून आणखी दोनशे. संध्याकाळी डेपोत बसून माझ्या चिठ्ठ्या मागितल्या. मागच्या तीन महिन्यांत गाड्या कमी नव्हे, दीडपट झाल्या होत्या.

वहीवर पेन्सिल टेकवून त्याने हळूच विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असत्या तर विकले असते?"

"मी तं अजून घेतले असते."

"बोलणं सोपं असते, वच्छलाबाई."

मला राग आला. घरात जाऊन शिलाई मशीनसाठी साठवलेले ऐंशी रुपये आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. "घ्या. दहा येतीन. पण माझ्या नावावर."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पैसे तिचे हायेत, जी. मले काऊन पाहता?"

त्याने पिशवीतून काढलेल्या खरेदीच्या कागदावर सही करताना माझ्या बोटाला शाई लागली. त्याने आपला रुमाल पुढे केला... आणि परत घ्यायला विसरला. त्या दिवसानंतर मी त्यांना कधी भाऊ म्हटलं नाही.

शनिवारी त्यांनी विकलं नाही. काकाजींनी त्यांची वळकटी घराबाहेर ठेवली. ते एका वकिलाकडे कारकून झाले. मला पत्र यायचं, फक्त एका ओळीचं, शेअरच्या भावाचं. "आज सात." "आज साडेसहा." एकदा नुसतंच, "भीती वाटते." मी लिहिलं, "आज एकवीस गाड्या गेल्या."

दिवाळीच्या आधी गिरणीचा निकाल लागला. नफा दुप्पट, मानवेल सुरक्षित असल्याचं वनखात्याचंही पत्र. शेअरचा भाव एकोणीस!

दोन दिवसांनी बसमधून ते उतरले. हातात माझ्या नावाचा कागद, कडेला हिरवी वेल, मधोमध छापील अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली माझं. गोंडपिपरीतली मी पहिली बाई असेन, जिच्या नावावर गिरणीचा खडा होता. मी तो कागद दोनदा वाचला.

"एक अडचण आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "मालकाचा पत्ता बदलला तर कंपनीला कळवावं लागते."

"माझा पत्ता कुठं बदलला?"

"बदलला नाही... बदलाल का, तेच विचारायला आलो."

आत बाबा पुन्हा खोकले. या वेळी त्या खोकल्यात हसू होतं.

"पत्ता बदलीन," मी म्हटलं. "पण शेअर माझ्याच नावावर राहतीन."

"कबूल!"

लग्नाला काकाजी आले. पंगतीत माझ्यापाशी झुकून, इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "सूनबाई... आता कोणता घ्यावा म्हणता?"

मी त्यांच्या पानात जिलबी वाढली. "आधी माझ्यासंगं जंगलात चला, काकाजी. धोतर मात्र जुनं नेसा."