अकरा दहाचं लाल कार्ड

लॉकरमध्ये पर्स होती, चष्म्याचं घर होतं, गोळ्यांची डबी होती. मखमली पेटीसुद्धा जागच्या जागी होती. पेटीतला पाचूचा हार तेवढा नव्हता.

मोजणीबाईंना हे कळलं ते दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, वॉकीटॉकीवरून. पलीकडे पार्कचा मॅनेजर ओरडत होता. "वही घेऊन ताबडतोब ऑफिसात या! लाल कार्डांची वही!"

"कार्डांचं काय काम?"

"चोरी झालीय. चोर सापडलाय. तुम्ही फक्त सही करायचीय."

मोजणीबाईंनी वॉकीटॉकी कमरेला अडकवला. चोर सापडल्यावर पुरावा मागवायचा, ही मॅनेजरची जुनी पद्धत होती.

पार्कमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. त्यांचं काम एकच, रांगा मोजणं. दर अर्ध्या तासाने त्या मोठ्या राइडच्या रांगेच्या शेपटाशी जात आणि सगळ्यात मागच्या माणसाच्या हातात एक लाल कार्ड देत. कार्डावर वेळ लिहिलेली असे. तो माणूस रांगेतून सरकत सरकत वर फलाटावर पोचला की तिथल्या ऑपरेटरला कार्ड देई आणि ऑपरेटर त्यावर वेळेचा शिक्का मारी. दोन वेळांची वजाबाकी केली की रांगेला किती मिनिटं लागतात ते कळे आणि तो आकडा दारावरच्या बोर्डावर लागे. कार्ड कोणाला दिलं याची एखादी खूणही त्या वहीत लिहून ठेवत. पूर्वी त्या एका प्रयोगशाळेत तापमापक तपासत. माणसांपेक्षा तापमापक बरे, असं त्यांचं मत होतं आणि पार्कमध्ये आल्यापासून ते अधिकच पक्कं झालं होतं.

कारण पार्कमध्ये सोनेरी पट्टीवाले होते. जादा पैसे भरायचे, मनगटावर सोनेरी पट्टी बांधून घ्यायची आणि शेजारच्या मोकळ्या वाटेने थेट फलाटाखाली पोचायचं. साधी रांग आणि सोनेरी वाट तिथे एक होत. उन्हात तास तासभर उभ्या असलेल्या पोराबाळांकडे पाहत, हात हलवत ही मंडळी पुढे जात. जणू काही लढाईच जिंकली होती.

जाता जाता मोजणीबाईंनी फलाटावरच्या पेटीतून सकाळची तीन कार्डं काढून घेतली. वजाबाकी अजून व्हायची होती. सकाळ धड गेली नव्हती. अकरा चाळीसला कोणाची तरी टोपी रुळांवर पडली आणि राइड बंद करावी लागली. बारा वाजून दोन मिनिटांनी ती पुन्हा सुरू झाली. तोवर रांगेतल्या लोकांनी मोजणीबाईंच्या नावाने मनसोक्त खडे फोडले होते. राइड बंद पडली की शिव्या मोजणाऱ्यालाच.

ऑफिसात पंख्याखालच्या एकुलत्या एका खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. रिकामी पेटी मांडीवर होती. मागे त्यांचा मुलगा आणि सून उभे होते. तिघांच्याही मनगटावर सोनेरी पट्ट्या चमकत होत्या. खिडकीशी जावई होता. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. त्याच्या हाताला पट्टी दिसत नव्हती.

आणि भिंतीशी लॉकरवाली उभी होती. बारा वर्षं ती पार्कचे लॉकर सांभाळत होती. तिची पिशवी टेबलावर उपडी केली होती. कंगवा, बसचा पास, लेकीच्या शाळेचं पत्र. जेवणाचा डबासुद्धा उघडून कागदावर ओतला होता. हार काय भाताखाली लपतो?

"ताई," लॉकरवाली म्हणाली, "मी हार पाहिलासुद्धा नाही हो."

"तू गप्प बस," मॅनेजर म्हणाला. "तीन वाजता पोलीस येतायत. तोपर्यंत कबूल केलंस तर फक्त नोकरी जाईल."

"कशावरून हिने घेतला?" मोजणीबाईंनी विचारलं.

"कुलूप फोडलेलं नाही. आकडे जुळवून उघडायचं कुलूप आहे. आकडा फक्त ह्या बाईसाहेबांना माहीत. दुसरी मास्टर किल्ली, ती हिच्याकडे. संपलं!"

"तुम्ही लॉकर कधी बंद केलात?"

"बरोबर अकराला," सासूबाई म्हणाल्या. "पावणेएकला उघडला. हार आज सुनेला द्यायचा होता. सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी." त्यांनी पट्टी मनगटावर चिडून फिरवली. "आणि ही एक ब्याद. रुततेय मेली. सकाळपासून कात्री मागतेय, कोणी देत नाही."

"कात्री बाहेर जायच्या दारावरच मिळते," लॉकरवाली सवयीने म्हणाली. "आत कात्री-सुरी आणू देत नाहीत. आणि पट्टी कापल्याशिवाय निघत नाही, बाईसाहेब. एकीवर दोघं जातील म्हणून तशीच केलीय."

"तुला कोणी विचारलं?"

मोजणीबाईंनी वही उघडली. "कुलपाचा आकडा काय ठेवला होतात?"

"तो का सांगू?"

"हार तर गेलाय. आता कसला राखताय?"

"नातवाची जन्मतारीख," सासूबाई पुटपुटल्या.

"ती घरात कोणाला माहीत नाही?"

मुलगा उसळला. "म्हणजे आम्ही चोर? आम्ही तिघं सकाळपासून एकत्र होतो. पाण्याची राइड, पाळणा, सगळीकडचे फोटो आहेत."

"आणि हे?" मोजणीबाईंनी खिडकीशी उभ्या जावयाकडे मान वळवली.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" मॅनेजर म्हणाला. "हे साहेब साध्या रांगेत होते. तुम्हीच त्यांना कार्ड दिलंत. लिहून द्या आणि मोकळ्या व्हा."

मोजणीबाईंनी पान उलटलं. त्यांच्याच अक्षरात नोंद होती: अकरा दहा, पुरुष, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, एकटा. खरं होतं. कार्ड त्यांनीच दिलं होतं. हा माणूस त्या वेळी आपणहून हात पुढे करून हसला होता.

"तुम्ही पट्टी नाही घेतलीत?" त्यांनी जावयाला विचारलं.

"मला पटत नाही ते," जावई म्हणाला. आवाज मऊ होता, व्यासपीठावर शोभावा असा. "पैसे फेकून लोकांच्या पुढे घुसायचं? चार माणसांसारखं उभं राहावं माणसाने."

"जावईबापू तत्त्वाचे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "माझी लेकही त्यांच्यामुळे असल्या ठिकाणी येत नाही. हे आज आले ते माझ्या आग्रहाखातर."

"रांगेत कंटाळला असाल."

"छे. सत्तर मिनिटं काय, अशी गेली. बोर्डावर सत्तर लिहिलं होतं, बरोबर सत्तरच लागली. तुमच्या मोजणीचं कौतुक करायला हवं."

"मध्ये काही झालं का? भांडण, गोंधळ?"

"काही नाही हो. रांग आपली सरकत होती. हळू, पण न थांबता."

मोजणीबाईंनी पेन खाली ठेवलं. तिन्ही कार्डं त्यांनी टेबलावर एका ओळीत मांडली. ती मांडताना कंगवा, पास आणि शाळेचं पत्र त्यांनी आधी नीट बाजूला सरकवलं.

"मॅनेजर, तुम्हाला वजाबाकी येते?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग करा. हे दहा चाळीसचं कार्ड. दोन मुलं घेतलेल्या एका बाईंना दिलं होतं. शिक्का बारा तेराचा."

मॅनेजरने ओठ हलवले. "त्र्याण्णव मिनिटं."

"हे अकरा चाळीसचं. काठीवाले आजोबा. शिक्का एक तेराचा."

"त्र्याण्णव."

"आणि ह्या दोघांच्या मधलं, अकरा दहाचं, ह्यांचं. शिक्का बारा वीसचा."

मॅनेजर थांबला. "सत्तर."

"पुढच्याला त्र्याण्णव, मागच्याला त्र्याण्णव आणि ह्यांना सत्तर. दोन मुलांच्या आईच्या अर्धा तास मागे उभा राहिलेला माणूस तिच्यानंतर सात मिनिटांत वर पोचला. रांगेत उड्या मारता येत नाहीत. दोन्हीकडे लोखंडी कठडे आहेत."

"घड्याळ चुकलं असेल," जावई म्हणाला. आवाजातला मऊपणा जरा उतरला होता.

"तिन्ही शिक्के एकाच घड्याळाचे. घड्याळाला फक्त तुमचाच राग कशाला येईल?" मोजणीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बिघडलेल्या उपकरणाकडे पाहावं तसं. "आज राइड बावीस मिनिटं बंद होती. अकरा चाळीस ते बारा दोन. रांग एक पाऊलही हलली नाही. लोक ओरडत होते, पोरं रडत होती, माझा उद्धार चालला होता. त्या रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो आजचं दुसरं काही सांगणारच नाही. तुम्ही म्हणालात, रांग सरकत होती, न थांबता."

सुनेने हळूच नवऱ्याचा दंड धरला.

"तुम्ही सकाळी साध्या रांगेच्या शेपटाशी उभे राहिलात, सगळ्यांना दिसेल असे. मी कार्ड दिलं, तुम्हाला आयताच साक्षीदार मिळाला. मी वळले तसे तुम्ही बाहेर पडलात. लॉकरशी गेलात. नातवाची तारीख तुम्हाला ठाऊक होतीच. मग वेळ काढलात. कार्ड केव्हा द्यायचं हे बोर्डाने सांगितलं होतं. सत्तर मिनिटं. बरोबर बारा वीसला फलाटावर दिलंत. रांगेत कधीच उभा न राहिलेला माणूसच बोर्डावर इतका विश्वास ठेवतो."

"पण वर पोचले कसे?" मॅनेजरने विचारलं. "रांग तर खचाखच भरली होती."

"पोचायची वाट एकच आहे. सोनेरी."

"पण त्यांच्याकडे पट्टी कुठाय?" सासूबाई म्हणाल्या. "ते तत्त्वाचे…"

"पट्टी कापल्याशिवाय निघत नाही," मोजणीबाई म्हणाल्या. "आणि कात्री बाहेरच्या दारावर आहे. हे साहेब अजून आतच आहेत. ह्या उकाड्यात तुमच्या मुलाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मॅनेजरच्या दुमडलेल्या. ह्यांची मात्र मनगटाची बटणंसुद्धा लावलेली." त्या थांबल्या. "बाही वर करा."

जावई हलला नाही. मुलगा दोन पावलं पुढे झाला, त्याने भावजींचा हात धरला आणि बटण ओढलं. बटण तुटून टेबलाखाली गेलं. मनगटावर सोनेरी पट्टी होती.

"ही… ही मी नंतर घेतली," जावई म्हणाला. "पाय दुखले म्हणून."

"पाय दुखले, की तत्त्व दुखलं?" सून म्हणाली. तेवढं एकच वाक्य ती बोलली.

"हार अंगावर नसेल," मोजणीबाई म्हणाल्या. "मॅनेजर, सोनेरी पट्टीवर एक लॉकर फुकट असतो ना?"

मॅनेजरने पट्ट्या वाचायचं यंत्र आणवलं आणि जावयाच्या मनगटासमोर धरलं. यंत्रावर नंबर उमटला. दोनशे बारा.

मॅनेजरने लॉकरवालीपुढे हात केला. "किल्ली दे."

"मी उघडते," लॉकरवाली म्हणाली. किल्ली तिने दिली नाही. सगळे तिच्यामागून गेले. दोनशे बारामध्ये पार्कची एक टोपी होती आणि टोपीत पाचूचा हार. फुकटात मिळतंय म्हणून चोरीसुद्धा ह्याने सवलतीत ठेवली होती.

"तो माझ्या बायकोचा होता," जावई एकदम ओरडला. "हक्काने तिचा! थोरली लेक असताना सुनेला देताय?"

सासूबाईंनी हार पदरात घेतला. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "पोलिसांना येऊ नका म्हणून सांगा. घरातली बाब आहे."

"अगदी, अगदी," मॅनेजर म्हणाला.

"माझी पिशवी उपडी केलीत तेव्हा घरातली नव्हती," लॉकरवाली म्हणाली. "पोलीस येऊ देत. मी थांबलेय."

मॅनेजरने मोजणीबाईंकडे पाहिलं. मोजणीबाई वहीत अकरा दहाच्या नोंदीवर रेघ मारत होत्या. "कार्डं मी पोलिसांनाच देईन," त्या मान वर न करता म्हणाल्या. "शिक्क्यांसकट."

पोलीस तीनला आले आणि जावयाला घेऊन गेले. दाराशी त्याची पट्टी कापायला कात्री लागली. ती मात्र लगेच मिळाली.

साडेतीनला लॉकरवाली पुन्हा आपल्या खिडकीत बसली. खिडकीसमोर वीसेक माणसं ताटकळली होती. सासूबाई सरळ सगळ्यांच्या पुढे आल्या. पर्स अजून लॉकरमध्येच होती आणि आकड्यांचं कुलूप गडबडीत अडकून बसलं होतं. त्यांनी सवयीने मनगट वर केलं.

"आणि मला तुला काही बोलायचंय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुपारच्या बाबतीत. जरा बाजूला ये."

लॉकरवालीने पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"माफी मागायचीय ना? मागा की. पण ह्या खिडकीवर पट्टी चालत नाही, बाईसाहेब. मागे उभ्या राहा."

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. वीस चेहरे त्यांच्याकडे बघत होते. कोणीही सरकून जागा करत नव्हतं. त्या एकेका माणसाला ओलांडत शेपटाशी पोचल्या.

तिथे मोजणीबाई उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, एका लाल कार्डावर वेळ लिहिली आणि ते सासूबाईंच्या हातात दिलं.

"पुढे पोचलात की खिडकीत द्या," त्या म्हणाल्या. "आणि ह्या वेळी रांगेतूनच या."